भिशीच्या पैशातून मांडवीवर

"अ‍ॅडल्ट्स ओन्ली" हे शब्द आमच्या भिशीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आले तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते आणि संध्याकाळपर्यंत कुणी साधा अंगठासुद्धा टाकला नाही. तो मेसेज मीच टाकला होता. पणजीला मांडवी नदीवर संध्याकाळची बोट, जेवण, ड्रिंक्स, डीजे, आणि खाली ओळ होती की २१ वर्षांखालच्या कुणालाही प्रवेश नाही. रात्री एकीचा फोन आला, हळू आवाजात, स्वयंपाकघरातून बोलत असावी, "अगं, तसलं काही नसतं ना तिथे?" मी म्हटलं नाही गं बाई, लहान मुलं नकोत एवढाच त्याचा अर्थ, दारू देतात म्हणून वय बघतात. ती जरा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "मुलं नकोत म्हणजे कुणाचीच नकोत ना? मग ठीके."

त्या "कुणाचीच नकोत"साठी हे सगळं लिहितेय.

२०१६ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब गोव्याला गेलो होतो तेव्हा मी मांडवीवरच्या साध्या बोटीत बसले होते. तासाभराची फेरी असते ती, बरेच जण जाऊन आले असतील, वर स्टेज असतं, त्यावर फुगडी, देखणी, पोर्तुगीज काळातले नाच करून दाखवतात आणि मधेमधे प्रेक्षकांना बोलावतात, आधी लहान मुलं या, मग जोडपी या, मग पुरुष या. छान असते. पण मला त्यातलं काय आठवतं तर माझ्या मुलीचा दंड. ती चार वर्षांची होती आणि कठड्यावर चढायला बघत होती, मी पूर्ण तासभर तिचा दंड धरून उभी होते, सासूबाईंना मळमळत होतं म्हणून दुसऱ्या हातात लिंबू आणि पिशवी. आमचे हे आणि दीर वरच्या डेकवर होते. उतरल्यावर दीर म्हणाले काय मस्त सूर्यास्त होता वहिनी, आणि मी हो म्हटलं. सूर्यास्त मी बघितलाच नव्हता.

आता मुलगी आठवीत, मुलगा बारावीत. आमची भिशी नऊ जणींची, भुसावळच्या एकाच कॉलनीतल्या, निम्म्या घरांत कुणी ना कुणी रेल्वेत. मी पतसंस्थेत कॅशला बसते त्यामुळे हिशोब माझ्याकडे. दर महिन्याची भिशी वेगळी आणि त्याशिवाय डोक्याला ५०० रुपये ट्रिपचे असं आम्ही २० महिने बाजूला टाकले, म्हणजे ९० हजार झाले, माणशी १० हजार. या पैशातून कुणाची फी भरायची नाही, कुणाच्या घरचं लग्न आलं तरी हात लावायचा नाही असं ठरलेलं. दोनदा मोडायची वेळ आली होती, एकदा तर कोविडमधल्या जुन्या उधारीवरून, पण मी दिले नाहीत, मला तेव्हा वाईट म्हटलं तरी चालेल असं मी ठरवलं होतं.

आपल्याकडे पार्टी नसते असं नाही, उलट खान्देशात थंडी पडली की दर रविवारी कुणाच्या तरी शेतात भरीत पार्टी असतेच. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पण भालोद-बामणोदकडच्या बायकांना ते वांगं कसं भाजायचं हे सांगायला कुठल्या कागदाची गरज नव्हती. हिरवी-पांढरी मोठी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, सालं काढायची, लाकडी बडगीत हिरवी मिरची-लसूण घालून ठेचायची, कांद्याची पात, शेंगदाणे, वरून तेल, आणि सोबत पुऱ्या नाहीतर कळण्याची भाकरी. जगात याच्यासारखं काही नाही, हे मी बोटीवरचं जेवण खाऊन आल्यावरही म्हणते. पण ती पार्टी कुणाची असते ते सांगा. माणसं आंब्याखाली सतरंजी टाकून बसतात, त्यांची बाटली एका पिशवीत असते आणि ती सगळ्यांना दिसत असून कुणाला दिसत नसते, पोरं विहिरीकडे पळतात आणि त्यांच्यामागे बाया पळतात, आणि उरलेल्या बाया चुलीपुढे पुऱ्या तळतात. मी जानेवारीच्या पहिल्या रविवारी दोनशेच्या वर पुऱ्या लाटल्या, मोजल्या म्हणून माहिती आहे. जेवायला बसलो तेव्हा चार वाजले होते आणि भरीत थंड झालं होतं. मला कुणावर राग काढायचा नाही, सासरची माणसं चांगली आहेत, वाढून घ्या म्हणतात, पण वाढून घ्या म्हणणं आणि वाढणं यात फरक आहे.

तर संक्रांतीचं हळदीकुंकू आटपलं आणि आम्ही निघालो.

निघायच्या आधी प्रत्येकीच्या घरी काय झालं ते सगळं लिहीत नाही, त्या त्या घरचं आहे. आमच्या ह्यांना मी सरळ सांगितलं की बोटीवर दारू असते आणि मला वाटलं तर मी घेणार आहे. ते नाइट ड्युटीला निघाले होते, बुटाची लेस बांधता बांधता थांबले आणि म्हणाले, "सांभाळून घे, आणि पाणी पीत राहा." एवढंच. सोळा वर्षं रेल्वेत गाड्या आणि माणसं बघितलेला माणूस आहे. पण काकूंच्या घरी कठीण गेलं. काकू आमच्यात सगळ्यात मोठ्या, ६३ वर्षांच्या, यजमान जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा काही बोलला नाही पण सुनेने तोंड फिरवलं, लोक काय म्हणतील, या वयात बोटीत नाचायला चालल्या, आणि निघायच्या दिवशी तिने डबा भरून दिला पण एक शब्द बोलली नाही. काकू रिक्षात बसल्यावर मला म्हणाल्या, "तिचं चुकत नाही वं, तिले कोनी कधी नेलं नाही कुठी."

भुसावळहून गोवा एक्सप्रेस सोयीची पडते, दिल्लीकडून येते आणि पुढे मनमाड, पुणे, मिरज, बेळगाव करत घाट उतरून गोव्यात जाते. दूधसागर आला तेव्हा आम्ही सगळ्या झोपेत, त्याचं वाईट वाटलं. मडगावला उतरून पणजी साधारण ३५ किलोमीटर, बसने आलो. राहायला फोंतेन्हासच्या बाजूला एका जुन्या घरातल्या खोल्या घेतल्या होत्या, तीन खोल्यांत नऊ जणी. तो भाग बघण्यासारखा आहे, पिवळी, निळी, लाल घरं, अरुंद गल्ल्या, पण आम्ही तिथून जेट्टीपर्यंत चालत जाता येतं म्हणून घेतला होता.

आता बुकिंगचं. बुकिंग मी एका एजंटकडून ऑनलाइन केलं होतं, नाव घेत नाही, पूर्ण पैसे आधी भरले, त्याने मेसेजमध्ये लिहिलं होतं की ड्रिंक्स अनलिमिटेड आणि बसायला वरचा डेक. जेट्टीवर गेलो तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला तुमच्या तिकिटात माणशी दोन ड्रिंक्सची कुपनं आहेत आणि सीट खालच्या डेकला. मी मेसेज दाखवला, तो म्हणाला मॅडम ते एजंटचं आहे आमचं नाही. एजंटचा फोन लागेना. नऊ जणींचे पैसे माझ्या हातून गेलेले, सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, मला तिथेच रडू येईल असं वाटलं. अनलिमिटेडचं आम्हाला काही नव्हतं, नऊपैकी चौघी तर घेणारच नव्हत्या, पण फसलो हे मनाला लागतं आणि पतसंस्थेत बसणाऱ्या बाईला जास्तच लागतं. तेव्हा आमच्यातली पार्लरवाली पुढे झाली आणि तिने त्या मुलाला नीट आवाजात सांगितलं की दादा दारू राहू दे, आमच्याबरोबर गुडघ्याचं दुखणं असलेली बाई आहे, आम्हाला कठड्याजवळच्या खुर्च्या दे, आणि दिल्या त्याने. खालचाच डेक, पण उघड्या बाजूला, पाण्याच्या अगदी जवळ. नंतर कळलं की वरच्या डेकला डीजेचे स्पीकर होते आणि तिथे बोलणंच शक्य नव्हतं.

जायचं असेल तर हे मात्र करा, बोटीवाल्याच्या काउंटरला स्वतः फोन करून विचारा की ड्रिंक्स किती, कुठल्या, जेवण बुफे आहे की फक्त स्टार्टर, व्हेज वेगळं ठेवतात का, बोट किती वेळ फिरते आणि किती वेळ नुसती जेट्टीला उभी असते. आमची दोन तासांची म्हणाले होते, त्यातला अर्धा तास माणसं चढण्यातच गेला. सगळ्यांचं आधार तपासतात. काकूंचंही तपासलं, तेव्हा काकूंनी ते दोन्ही हातांनी पुढे केलं जसं बँकेत करतात. मग मनगटावर निळा कागदी पट्टा बांधतात, तो असला की आत. लाइफ जॅकेट कुठे आहेत ते मी चढल्या चढल्या विचारलं, बाकांखाली होती, एक काढून घालूनही बघितलं. लोक बघत होते, बघू देत, तापीकाठची माणसं आहोत, पाणी काय असतं माहिती आहे.

बोट सुटली तेव्हा ऊन उतरलं होतं. मागे मांडवीवरचे पूल, त्यातला तो उंच तारांचा अटल सेतू, २०१९ ला सुरू झालेला, अंधार पडला तसा उजळला. नांगरून ठेवलेल्या कॅसिनोच्या मोठमोठ्या बोटी, डाव्या हाताला पणजीचं जुनं सचिवालय, जो मुळात आदिलशहाचा राजवाडा होता, उजव्या हाताला बेती, वेरें आणि टेकडीवर रेइश मागुशचा किल्ला. बोट नदीच्या तोंडाकडे, समुद्राच्या बाजूला जाते आणि तिकडे आग्वादचा किल्ला दिसायला लागला की खालून हलकी लाट जाणवते, तोपर्यंत बोट चालतेय की उभी हेसुद्धा कळत नाही इतकी संथ. ज्यांना लागतं त्यांनी आधी पोटभर खाऊ नये आणि अगदी उपाशीही राहू नये.

सूर्यास्त मी बघितला. पूर्ण बघितला, सुरुवातीपासून तो गोळा पाण्याला टेकून बुडेपर्यंत, माझे दोन्ही हात मोकळे होते आणि मी ते कठड्यावर ठेवले होते. मधे एकदा सवयीने मान वळवून खाली बघितलं की कुणी धावत तर नाही ना, कुणी नव्हतं.

काकू खुर्चीत बसून खाली पाण्याकडेच बघत होत्या. सगळ्या म्हणाल्या वर चला डान्स बघायला, तर म्हणाल्या, "मले अठीच बसू दे वं." मी त्यांच्याजवळ बसले. जरा वेळाने त्यांनी माझा हात ओढला आणि म्हणाल्या, "हे पानी उलटं कसं जाऊ ऱ्हायलं?" मी बघितलं तर खरंच, समुद्र पुढे आणि पाण्यावरचा कचरा, एक नारळाची झावळी, मागे गावाकडे चाललेली. मलाही कळेना. तिथे एक खलाशी दोर गुंडाळत होता, वयस्कर, त्याने सांगितलं की भरती लागली आहे, समुद्राचं पाणी नदीत चढतं, दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं, आणि पावसाळा संपून वरचं पाणी कमी झालं की ते खारं पाणी नदीत पार आतपर्यंत जातं. काकूंनी ते दोनदा ऐकून घेतलं. आपण तापी बघितलेली माणसं, आपली नदी एकाच दिशेने जाते, पुरात जाते, उन्हाळ्यात खडकांतून जाते, हतनूरच्या धरणात थांबते पण मागे फिरत नाही. काकूंनी विचारलं, "आपली तापी बी याच समुद्रात जाते काय वं?" मी म्हटलं हो, मध्य प्रदेशातल्या मुलताईहून निघते आणि ७२४ किलोमीटर वाहत सुरतच्या पुढे याच अरबी समुद्राला मिळते, मांडवी तर ८० किलोमीटरच्या आसपासची, कर्नाटकातून येते. म्हणजे तिथेही पाणी असंच उलटं चढत असेल सुरतेला, असं काकू म्हणाल्या. चढतंच. मी शाळेत तापी पश्चिमवाहिनी म्हणून घोकलं होतं पण तिच्या दुसऱ्या टोकाचा विचार आयुष्यात कधी केला नव्हता.

मग काकूंनी जे सांगितलं ते मी त्यांना विचारून लिहितेय. त्यांचं माहेर तापीच्या अलीकडे आणि सासर पलीकडे, यावलच्या बाजूला. लग्न झालं तेव्हा त्यांच्या गावाजवळ पूल नव्हता आणि वऱ्हाड नावेतून पलीकडे गेलं. त्यांनी डोक्यावरून पदर इतका पुढे ओढलेला होता की त्यांना फक्त नावेचा तळ आणि स्वतःचे पाय दिसले, जोडवी नवीन होती ती दिसली. नदी दिसली नाही. त्यानंतर चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर एकदा बसल्या नावेत, तेव्हा मांडीवर मुलगा तापाने फणफणलेला, देवाला नवस फेडायला चाललेल्या. ही तिसरी. "आज पाह्यते मी नदी," असं म्हणाल्या आणि परत पाण्याकडे बघायला लागल्या. मला काही बोलता आलं नाही, माझा २०१६ चा तासभर मला खूप मोठा वाटत होता, त्यांचा चाळीस वर्षांचा होता.

ड्रिंक्सबद्दल लिहिणार नव्हते पण मग वाटलं तेच लपवलं तर बाकी लिहून काय उपयोग. आमच्यात पाच जणींनी घेतलं, चौघींनी नाही, त्यातल्या एकीचा उपास होता, बाकीच्यांना नको होतं. आधीच ठरलं होतं की घे गं घे असं कुणी कुणाला म्हणायचं नाही आणि घेतलीस का असंही नाही. न घेणाऱ्यांची कुपनं सॉफ्ट ड्रिंकवर आणि ताज्या लिंबू सोड्यावर चालली. दोघींनी बीअर घेतली, दोघींनी ब्रीझर, मी काजूची फेणी मागितली कारण आले आहे तर इथलंच घ्यावं. बारवाल्याने लिंबू सोडा, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून दिली. हिरवी मिरची बघून मला तिथेच बरं वाटलं.

पण वास. वास नाकाशी आला आणि मी एकदम लहान झाले. माझे वडील सातपुड्यात पालच्या बाजूला मास्तर होते, मार्च-एप्रिलला पहाटे मोहाची फुलं पडतात ती तडवी-पावरा बायका टोपल्या भरून वेचायच्या आणि अंगणात वाळत घालायच्या, तो गोड-आंबूस जड वास सगळ्या पाड्यावर असायचा, आणि पुढे भट्टी लागली की त्याच्यातलाच तिखट भाग हवेत. फेणीचा वास तसाच नाही पण नात्यातला आहे. इथे काजूची बोंडं तुडवून रस काढतात, आंबवतात, भाटीत गाळतात, पहिल्या गाळपाचा तो हुर्राक, तो उन्हाळ्यातच मिळतो, आणि पुन्हा गाळलं की फेणी. २००९ ला काजू फेणीला जीआय मिळालं, गोव्याची माणसं ती अभिमानाने पुढे ठेवतात. आणि आपल्या सातपुड्यात त्याच प्रकाराने, फुलापासून, बाईच्या हाताने बनणाऱ्या गोष्टीला आपण कायम गावठी म्हणून नाक मुरडलं. मला हे बोटीवर बसून फार लागलं. वडिलांना सणाला पाड्यावरून द्रोणात आणून द्यायचे लोक, आणि आई तो द्रोण मागच्या दाराने ओतून द्यायची.

मी एकच घेतली. हळू घेतली, मधे पाणी, ह्यांनी सांगितलं होतं तसं. काय होतं तर कानशिलं गरम होतात आणि खांदे खाली येतात, माझे खांदे कायम वर असतात हे मला तेव्हा कळलं. दुसरं कुपन मी दिलं नाही कुणाला, पर्समध्येच राहिलं.

एक घटना घडली तीही सांगते. वरच्या डेकला आमच्या चौघी नाचत होत्या तिथे एक माणूस, जरा जास्त झालेली, आमच्या शिक्षिकेच्या पाठीशी पाठी सरकत होता. तिने दोनदा जागा बदलली, तो आला. तिसऱ्या वेळी तिने गाण्याच्या वरताण आवाज लावला, तो वर्गात लावते तो, "मागे व्हा." डीजेने गाणं थांबवलं नाही पण दोन कर्मचारी आले आणि त्याला खाली नेऊन बसवलं आणि पूर्ण वेळ वर येऊ दिलं नाही. बोटीवाल्यांचं हे मला आवडलं. ती दहा मिनिटं आमच्याजवळ येऊन बसली, हात थरथरत होते तिचे, मग पाणी प्याली आणि म्हणाली मी परत जातेय वर, माझं गाणं राहिलंय. गेली आणि नाचली. आम्ही सगळ्या गेलो मग, उपासवालीही. नऊ जणी म्हणून गेलो होतो ते बरं झालं, दोघी-तिघी असतो तर खालीच बसलो असतो. तर जमलं तर घोळक्याने जा, आणि परत खोलीवर चालत जाताना एकत्र.

जेवण बुफे होतं. चिकन शागुती, कोळंबीची आमटी आणि भात, तळलेला मासा, व्हेजवाल्यांना मशरूमची शागुती, डाळ, पुलाव, पोई नावाचा कोंडा लावलेला पाव आणि शेवटी बेबिंका, थरांचा तो नारळाच्या दुधाचा गोड पदार्थ, एकेक थर वेगळा भाजतात त्याचा, म्हणजे आपल्या खापरावरच्या मांड्यांइतकीच मेहनत. शागुती तोंडात घातली आणि आम्ही तिघी एकदम एकमेकींकडे बघितलं. भाजलेलं खोबरं, खसखस, भाजलेली मिरची, अख्खे मसाले, अहो हे तर आपलंच वाटण, आपल्या काळ्या मसाल्याची मावसबहीण, फक्त त्यांचं खोबरं ओलं आणि आपलं सुकं. तिखट मात्र कमी. बाहेरचं खायला न्यायला परवानगी नव्हती त्यामुळे सुनेने दिलेला काकूंचा डबा खोलीवर राहिला होता, त्यातला ठेचा आणि बिबडे आठवून जीव कासावीस झाला. मासे आमच्यातल्या दोघींनी आयुष्यात पहिल्यांदा खाल्ले, एकीला आवडले.

चवीपेक्षा मला ताटाचं सांगायचंय. मी रांगेत उभी राहिले, एका मुलाने माझ्या ताटात गरम भात वाढला, आमटी वाढली, आणखी देऊ का ताई विचारलं. मी ते ताट घेऊन कठड्याशी आले आणि गरम असताना जेवले. उठावं लागलं नाही, कुणाला पोळी हवी का बघावं लागलं नाही. माझ्या शेजारी काकू, त्यांच्या शेजारी पार्लरवाली, आम्ही बराच वेळ बोललोच नाही.

परत आलो तेव्हा पाणी वळलेलं होतं का ते अंधारात दिसलं नाही. फळीवरून उतरताना काकूंनी त्या खलाशाला हात जोडले, त्याने टोपी काढली.

फेणीची बाटली घरच्यांसाठी न्यावी असं दोघींना वाटत होतं, मी नको म्हटलं. आपल्या महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने प्यायलाही परवाना लागतो, बाहेरच्या राज्यातून विनापरवाना आणणं तर गुन्हाच. त्याऐवजी काजू आणि बेबिंका आणला.

घरी आल्यावर दोन दिवस कुणी स्टेटस ठेवला नाही, सगळ्यांकडे फोटो होते. तिसऱ्या दिवशी मी ठेवला, काकूंना विचारून, काकूंचाच, कठड्याशी बसलेल्या, पदर खांद्यावर, केस उडालेले, मनगटावर निळा पट्टा. खाली "मांडवी नदी, पार्टी बोट" असं खरंखुरं लिहिलं. नणंदेचा फोन आला, दिराचा मेसेज आला, पतसंस्थेतले दोघं काही न बोलता बघून गेले. आमच्या ह्यांनी तो फोटो त्यांच्या स्टेटसला लावला, मला न सांगता, मला तो दुसऱ्याच बाईने दाखवला.

फेब्रुवारीची भिशी काकूंच्या घरी होती. सुनेने पोहे केले, चहा दिला आणि आत गेली. चिठ्ठी निघाली, हिशोब झाला, ट्रिपचे नवीन ५००-५०० मी गोळा करत होते तेव्हा ती बाहेर आली आणि माझ्यापुढे पाचशेची नोट ठेवली. काकूंचे आले होते आधीच. मी म्हटलं हे काकूंनी दिलेत, तर म्हणाली, "हे माझे." मग तिथेच खाली बसली आणि हळूच विचारलं, "ताई, ते पाणी खरंच उलटं जातं का हो?"